मोजपट्टी कुणाच्या हातात? डिझाइनचं शिक्षण, मानववंशशास्त्र आणि निर्वसाहतीकरण

 

विषयाचं नाव जड आहे, म्हणून सुरुवात शाळेपासून करतो. एलिमेंटरी ड्रॉइंगची परीक्षा किती जणांनी दिली आहे? हात वर करा बरं. बघा, निम्म्याहून जास्त हात वर आहेत. त्या परीक्षेत एक पेपर असायचा, 'संकल्पचित्र-नक्षीकाम'. एक चौकोन किंवा वर्तुळ आखायचं आणि पानाफुलांच्या आकारांनी ते भरून काढायचं. आपल्यापैकी बहुतेकांची डिझाइनशी पहिली ओळख ही. कधी प्रश्नात 'रुमालासाठी' असं लिहिलेलंही असायचं. पण तो रुमाल कोण शिवणार, कोण वापरणार, कुणाला परवडणार, हे ना पेपरात असायचं ना वर्गात.

या परीक्षेचं मूळ इंग्रजी अमदानीत आहे. मुंबईत जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून 1857 मध्ये कलाशाळा सुरू झाली. 1865 मध्ये तिथे लॉकवुड किपलिंग शिकवायला आले. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला रेखाटनाचा जो पायरीपायरीचा अभ्यासक्रम ठरला होता, तो इथे आला. हात इथल्या मुलांचे आणि नमुने तिथले. किपलिंग यांना इथल्या कारागिरीबद्दल मनापासून प्रेम होतं, हेही सांगायला हवं. पण चांगलं काय आणि वाईट काय, हे ठरवण्याची मोजपट्टी त्यांच्याकडेच राहिली.

आता गेली काही वर्षं या दुखण्यावर एक औषध सुचवलं जातं. डिझाइनच्या विद्यार्थ्याला मानववंशशास्त्र शिकवा. त्याला लोकांत पाठवा, त्यांच्यासोबत राहू द्या, बघू द्या, ऐकू द्या, टिपू द्या. म्हणजे तो परदेशी नमुने गिरवायचं सोडेल आणि डिझाइन 'निर्वसाहत' होईल. मी स्वतः बरीच वर्षं हेच शिकवत आलो. आज मला त्याच शिकवण्याबद्दल तक्रार करायची आहे. लोकांत जाणं, बघणं, टिपणं हे सगळं साहेबानेही केलं होतं, आणि आपल्या विद्यार्थ्यांपेक्षा कितीतरी बारकाईने केलं होतं.

वॉटसन यांचे अठरा खंड

जॉन फोर्ब्स वॉटसन हे पेशाने डॉक्टर. पुढे ते लंडनच्या इंडिया ऑफिसात हिंदुस्थानातल्या मालाची माहिती गोळा करणारे अधिकारी झाले. 1866 मध्ये त्यांनी भारतीय कापडाच्या नमुन्यांचे अठरा खंड तयार केले. त्यांत छापील चित्रं नव्हती, खऱ्या कापडाचे कापलेले तुकडे चिकटवले होते. एकूण सातशे तुकडे. असे वीस संच बनवले, त्यातले तेरा ब्रिटनमध्ये ठेवले आणि सात हिंदुस्थानात पाठवले.

सोबत एक ग्रंथही लिहिला, इथले लोक कापड कसं नेसतात याबद्दल. वॉटसन यांच्या लक्षात आलं होतं की इथे पुष्कळ कापड शिवून घालत नाहीत, ते गुंडाळतात, नेसतात, बांधतात. पागोट्याची लांबी वेगळी, धोतराची वेगळी, लुगड्याची वेगळी. काठ कुठे हवा, पदर कुठे हवा, हे नेसण्यावरून ठरतं. म्हणजे नुसती नक्षी उचलून थान विणलं तर ते इथे खपणार नाही. वापरणाऱ्याचं शरीर आणि सवय समजून घ्या, मग माल बनवा, हा त्यांचा सल्ला. आज आपण 'युझर रिसर्च' म्हणून जे शिकवतो ते यापेक्षा फार वेगळं आहे का?

पण हा सल्ला होता कुणाला? ब्रिटनमधल्या गिरणीवाल्यांना. तुकड्याखाली गाव लिहिलं आहे, लांबी-रुंदी लिहिली आहे, वजन आणि किंमतही लिहिली आहे. विणकराचं नाव नाही. ज्याच्या मागावरून ते कापड उतरलं, त्याचाच धंदा बसवायला त्याचाच तुकडा कामी यावा, अशी ती रचना होती.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. याच फोर्ब्स वॉटसन यांनी जॉन विल्यम के यांच्यासोबत 'द पीपल ऑफ इंडिया' हे छायाचित्रांचे आठ खंड 1868 ते 1875 या काळात संपादित केले. जाती-जमातींचे फोटो आणि शेजारी त्यांचं वर्णन. म्हणजे एकाच टेबलावर एका बाजूला कापडाचे तुकडे आणि दुसऱ्या बाजूला माणसांचे. मानववंशशास्त्र आणि डिझाइन यांची आपल्याकडे गाठ अशी पडली. म्हणून कुणी जेव्हा म्हणतं, 'डिझाइनला मानववंशशास्त्राची जोड द्या, की वसाहतवाद सुटेल', तेव्हा मला हे अठरा अधिक आठ, सव्वीस खंड आठवतात.

तांब्याला विचारलेले प्रश्न

स्वातंत्र्यानंतर काय झालं? सरकारने अमेरिकेतल्या चार्ल्स आणि रे ईम्स या जोडप्याला बोलावलं, फोर्ड फाउंडेशनने पैसे दिले. एप्रिल 1958 मध्ये त्यांनी अहवाल दिला आणि 1961 मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. डिझाइन शिकणाऱ्या प्रत्येकाने त्या अहवालातला एक भाग वाचलेला असतो. कुठला?

बरोबर, मागून कुणीतरी म्हणालं, 'लोटा'. लोटा म्हणजे आपला तांब्या.

ईम्स यांनी तांब्याकडे फार प्रेमाने बघितलं. त्यांनी विचारलं, पाणी किती मावायला हवं? तो डोक्यावरून न्यायचा की कमरेवरून? भरल्यावर तोल कसा राहतो? ओतताना धार कशी पडते? घासायला सोपा जातो का? वाजवला तर आवाज कसा येतो? मोडीत काढला तर पैसे किती मिळतील? हात बाईचे की पुरुषाचे, हेही विचारलं. आणि वर म्हणाले की ही वस्तू कुणा एका माणसाने घडवलेली नाही, पिढ्यान्‌पिढ्या अनेकांनी मिळून घडवली आहे. मी हा भाग वर्गात शिकवतो आणि पुढेही शिकवणार. वस्तूला प्रश्न कसे विचारावेत याचा तो उत्तम पाठ आहे.

तरी एक प्रश्न त्यात नाही. हाताची जात कोणती?

मी ज्या घरात वाढलो तिथे तांब्या-भांडं पाहुण्यासमोर ठेवत. पण दारात काही माणसं अशीही यायची, ज्यांच्यासमोर तांब्या ठेवला जात नसे. त्यांनी ओंजळ करायची आणि वरून पाणी ओतायचं. तांब्याची धार नीट पडते, याचा हाही एक उपयोग होता. ईम्स यांच्या यादीत तो नाही, आणि मला स्वतःलाही ती यादी शिकवायला लागून कित्येक वर्षं होईपर्यंत तो दिसला नव्हता. मला दाखवला एका विद्यार्थ्याने. त्याच्या घरात ओंजळीची आठवण होती, माझ्या घरात तांब्याची. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर जे झालं ते ज्यांना पाठ आहे, त्यांच्यापैकी किती जणांना डिझाइनच्या वर्गात पाण्याचं भांडं बघून ते आठवतं? मला आठवलं नव्हतं.

ईम्स बाहेरचे होते, त्यांना माफ करू. पण संस्था आपल्या झाल्या, शिकवणारे आपले झाले, अभ्यासक्रम आपण लिहिले. तरी त्या यादीत एक ओळ वाढवायला आपल्याला कुणी अडवलं होतं?

कवटी आणि धरण

आता मानववंशशास्त्राकडे येऊ. मराठीत या शास्त्राच्या नावातच 'वंश' आहे. आणि त्या वंशाशी थेट भिडलेली पहिली मराठी बाई म्हणजे इरावती कर्वे.

1920च्या दशकाच्या अखेरीस इरावतीबाई बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशशुद्धीच्या विचाराचे मोठे नाव. बाईंना काम मिळालं कवट्या मोजायचं. कवटीच्या दोन बाजू किती सारख्या, किती असमान, आणि त्याचा वंशाशी काही संबंध आहे का, हे तपासायचं. बाईंनी मोजलं आणि निष्कर्ष काढला की संबंध दिसत नाही. मार्गदर्शकाला हवं असलेलं उत्तर त्यांनी दिलं नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, विशीतल्या मुलीने हे करायचं म्हणजे काय धैर्य असेल, विचार करा.

पण गोष्ट तिथे संपत नाही. परत आल्यावर, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवतानाही, त्यांनी महाराष्ट्रातल्या जातीजमातींची शरीरमापं घेणं चालूच ठेवलं. उत्तर नाकारलं तरी मोजायचं हत्यार हातातून सुटलं नाही. हे मी बाईंना कमीपणा आणायला सांगत नाही. आपल्या सगळ्यांचं हेच होतं. शिकलेलं उत्तर आपण बदलू शकतो, शिकलेली पद्धत बदलणं फार कठीण जातं.

मग आयुष्याच्या शेवटी त्यांनी एक वेगळं काम केलं. जाई निंबकर यांच्यासोबत कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी केली, ती 1969 मध्ये प्रसिद्ध झाली. इथे कवटी नाही, गाव सुटलेली माणसं आहेत. डिझाइनच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ही पाहणी हातात घ्यावी असं मला वाटतं. धरण हेही डिझाइनच आहे, आणि आराखड्यावरच्या एका निळ्या आकाराखाली किती चुली विझतात, हे तिथे कळतं. फक्त एक गोष्ट खटकते. ही पाहणी कधी झाली? माणसं उठल्यानंतर. शास्त्राला बोलावणं आलं तेव्हा भिंत बांधून झाली होती.

'समुदाय' कुणाचा?

जगभर आता या विषयावर चांगलं लिहिलं जात आहे. तलाल असद यांनी संपादित केलेल्या पुस्तकाने 1973 मध्येच मानववंशशास्त्र आणि वसाहतीची सत्ता यांचं नातं उघडं केलं. न्यूझीलंडच्या माओरी अभ्यासक लिंडा तुहिवाई स्मिथ यांनी 1999 मध्ये संशोधनाच्या पद्धतींचीच झडती घेतली. कोलंबियाचे मानववंशशास्त्रज्ञ आर्तुरो एस्कोबार यांचं 'डिझाइन्स फॉर द प्लुरिव्हर्स' 2018 मध्ये इंग्रजीत आलं. टोरांटोच्या ओकॅड विद्यापीठात डिझाइनच्या अधिष्ठाता राहिलेल्या डोरी टन्स्टल या स्वतः मानववंशशास्त्रज्ञ. त्यांचं 'डीकॉलनायझिंग डिझाइन' 2023 मध्ये आलं. ही पुस्तकं वाचा. मी त्यांचा ऋणी आहे.

पण ती जशीच्या तशी इथे लावली की एक घोटाळा होतो. एस्कोबार यांना आपलं जगणं आपण ठरवणाऱ्या समुदायांवर विश्वास आहे. लॅटिन अमेरिकेतल्या आदिवासी आणि कृष्णवर्णीय समुदायांच्या लढ्यांतून तो आला आहे, त्याला आधार आहे. आपला विद्यार्थी मात्र हा शब्द घेऊन गावात जातो आणि पहिला भेटतो तो सरपंच, किंवा ज्याच्या ओसरीवर बसायला जागा आहे असा माणूस. मग अहवालात लिहितो, 'समुदायाचं असं म्हणणं आहे.' कुठल्या समुदायाचं? ओसरीवरच्या की ओसरीखालच्या?

डॉ. आंबेडकरांनी 1948 मध्ये संविधान सभेत खेड्याच्या कौतुकावर किती कठोर टीका केली होती, हे आपल्याला माहीत आहे. कमी लोकांना हे माहीत असतं की जातीवरचा त्यांचा पहिला महत्त्वाचा निबंध मानववंशशास्त्राच्या वर्गातच वाचला गेला. 9 मे 1916, कोलंबिया विद्यापीठ, गोल्डनवायझर यांचं चर्चासत्र. पंचवीस वर्षांचा हा विद्यार्थी तिथे सांगत होता की युरोपीय अभ्यासकांनी जातीच्या बाबतीत रंगाला नको तेवढं महत्त्व दिलं, कारण रंगाचा पूर्वग्रह त्यांच्याच मनात होता. ज्याचा अभ्यास होत होता, तोच उठून अभ्यासकांचा चष्मा तपासत होता. मला विचाराल तर आपल्याकडच्या निर्वसाहतीकरणाची सुरुवात तिथून मोजावी. आणि ती सुरुवात साहेबासोबत आपल्या गावालाही प्रश्न विचारते, म्हणून ती आपल्याला सोयीची वाटत नाही.

पायताण

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला मंचावर आणल्या आणि त्यांना नुसतं चामड्याच्या सँडल म्हटलं. इथे गदारोळ झाला, महाराष्ट्र चेंबरने पत्र लिहिलं, मग प्राडाने प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं मान्य केलं. राग रास्तच होता. कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे मिळून.

मला त्या गदारोळातला एक शब्द टोचला: 'आपली' कोल्हापुरी. कातडं कमावणारा ढोर समाज, पायताण शिवणारा चर्मकार समाज. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कातडं मुरवायचं, त्याचा वास अंगाला लागतो म्हणून वस्ती गावाबाहेर. कित्येक गावांत वाड्यासमोरून जाताना त्याच माणसाला पायातलं काढून हातात घ्यावं लागायचं. तेव्हा ती 'आपली' नव्हती. मिलानला गेल्यावर ती आपली झाली. प्राडाने नाव गाळलं हे खरं, पण ते गाळायची सवय त्याआधी आपल्यालाच होती. आपणही 'कोल्हापुरी' म्हणून गावाचं नाव घेतो, वॉटसन यांच्या तुकड्यासारखं, आणि हाताचं नाव सोडून देतो.

आता माझी चूक सांगतो. आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट, एका डिझाइन कॉलेजातली. मी परीक्षक होतो. एका विद्यार्थिनीचा पायताणावर प्रकल्प होता. तीन आठवडे ती कारागिरांच्या घरी राहिली होती, वही बघाल तर थक्क व्हाल. कुठला पट्टा कसा कापतात, वेणी कशी घालतात, घरात कुठलं काम बाया करतात, सगळं टिपलेलं. आणि त्यातून तिने नवी चप्पल बनवली होती, खाली रबराचा तळ चिकटवलेला, वरचे पट्टे रंगीत आणि बदलता येणारे. ज्यांच्याकडे राहिली त्या काकांनाही तिने परीक्षेला बोलावलं होतं. ते मागच्या खुर्चीवर बसले होते.

शेवटी कुणीतरी म्हणालं, 'काकांनाही विचारू या.' काकांनी चप्पल उचलली, उलटी केली, वाकवून बघितली. म्हणाले, 'दिसाया झकास हाय. पण चिकटवलंय. तळ गेला की टाकून द्यायचं व्हय? आमचं पायताण उसवून परत शिवता येतंय.'

आम्ही सगळे कौतुकाने हसलो. टाळ्या झाल्या. काकांना शाल-श्रीफळ दिलं. मग आम्ही गुणपत्रिका भरायला बसलो. रकाने होते: संशोधन, संकल्पना, आकार, सादरीकरण. मुलीला 'ए' श्रेणी मिळाली. संशोधनात तर जवळजवळ पैकीच्या पैकी, कारण ती लोकांत राहून आली होती.

दोन दिवसांनी तिने मला गाठलं आणि विचारलं, 'सर, काकांचं बरोबर होतं ना? मग मला ए कसा मिळाला?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या चपलेबद्दल खोलीतलं सगळ्यात जाणतं वाक्य ज्या माणसाने उच्चारलं, त्याच्या म्हणण्याला आमच्या कागदावर रकानाच नव्हता. आम्ही त्याचं बघून घेतलं, ऐकून घेतलं, टिपून घेतलं आणि त्याला शाल दिली. वॉटसन यांनी शाल दिली नव्हती, एवढाच फरक.

रकाना

तर माझं म्हणणं इतकंच आहे. विद्यार्थी किती दिवस लोकांत राहिला, यावर निर्वसाहतीकरण मोजता येत नाही. लोकांनी 'हे चुकलं' म्हटल्यावर आपल्या निकालात काही बदलतं का, हे बघावं लागतं. मानववंशशास्त्राकडून डिझाइनने नुसती डायरी आणि मुलाखत उसनी घेतली, आणि त्या शास्त्राने गेल्या पन्नास वर्षांत स्वतःला विचारलेला प्रश्न मात्र तिथेच ठेवला: मला बघण्याचा अधिकार कुणी दिला, आणि ज्याला मी बघतो त्याला मी काय देणं लागतो?

यावर लगेच आक्षेप येतो, आणि तो बरोबर आहे. कारागीर म्हणेल तेच खरं का? नाही. कारागीरही चुकतो. घरातल्या बायांचं काम तोही स्वतःच्या नावावर सांगतो. त्याच्या मुलाला कदाचित चामड्याला हातच लावायचा नसेल, आणि 'परंपरा टिकव' असं त्याला सांगणारे आपण कोण? म्हणून मी निवाडा त्याच्या एकट्याच्या हातात द्या म्हणत नाही. टेबलाच्या या बाजूला एक खुर्ची त्याचीही असू द्या. त्याच्या बायकोचीही.

त्या प्रसंगानंतर मी एका वर्गापुरता प्रयोग केला. ज्यांच्या कामावर प्रकल्प आहे त्यांच्यातला एक जण परीक्षक, गुणपत्रिकेत त्यांचा वेगळा रकाना, आणि मानधन मला मिळतं तेवढंच. पहिल्याच वर्षी अडलं कुठे, माहीत आहे? मानधनाच्या फॉर्मवर. त्यावर 'शैक्षणिक पात्रता' असा रकाना होता, आणि तो रिकामा ठेवला तर बिल पास होत नव्हतं. चार पत्रं लिहिली, तीन सह्या घेतल्या, तेव्हा पैसे निघाले. या विषयावरच्या परिषदांमध्ये मी बरेच निबंध वाचले आहेत, पण हा कोलोनियल वारसा त्या फॉर्मइतका स्पष्ट मला कुठेच दिसला नाही.

प्रयोगाने जादू झाली असं सांगणार नाही. काही परीक्षक संकोचून सगळ्यांना सारखे गुण देतात. काही विद्यार्थी परीक्षकाला आवडेल तेवढंच करतात. पण एक फरक पडला. मुलं आता गावातून परत आल्यावर पुन्हा जातात, अर्धवट केलेलं घेऊन जातात, कारण शेवटी ते कुणाच्या हातात जाणार हे त्यांना ठाऊक असतं.

ते काका पहिल्या वर्षी परीक्षक म्हणून आले होते. निघताना मी त्यांना विचारलं, आमच्या मुलांनी काय वेगळं करावं? ते पायात पायताण सरकवत म्हणाले, 'फुडच्या खेपेला बनवायच्या आधी या.'

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.